चांदणी चौकातून गेलेली डीसी

६ मार्च १९०८ रोजी दिल्लीत विजेची ट्राम सुरू झाली. दिल्ली तेव्हा राजधानी नव्हती. पंचम जॉर्जचा दरबार भरायला आणि कलकत्त्याहून राजधानी हलवल्याची घोषणा व्हायला अजून पावणेचार वर्षं होती. मुंबईकरांनी विजेची ट्राम दहा महिने आधीच, मे १९०७ मध्ये पाहिली होती आणि त्या मानाने दिल्लीची ट्राम लहानशीच. ऐन भरात, १९२१ च्या सुमारास, तिचे रूळ होते सुमारे १५ किलोमीटर आणि उघड्या गाड्या २४. जामा मशीद, चावडी बाजार, लाल कुआँ, फतेहपुरी, चांदणी चौक आणि पलीकडे सब्जी मंडी, सदर बाजार, पहाडगंज. गल्ल्यांच्या त्या जंजाळातून ती ५५ वर्षं वाट काढत होती.

शहरात वीज आली होती त्याआधी तीन वर्षं. १९०३ च्या वीज कायद्याखाली जॉन फ्लेमिंग नावाच्या इंग्रजी कंपनीला परवाना मिळाला आणि १९०५ मध्ये जुन्या दिल्लीत डिझेलवर चालणारं छोटं वीजघर उभं राहिलं. पुढे हा कारभार ‘दिल्ली इलेक्ट्रिसिटी सप्लाय अँड ट्रॅक्शन कंपनी’कडे गेला. दिवे आणि ट्राम, दोन्ही एकाच कंपनीच्या अंगावर. १९११ मध्ये वाफेवरचं वीजघर जोडीला आलं.

त्या काळातल्या जगभरच्या ट्रामप्रमाणे दिल्लीची ट्रामही डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालत होती. त्यामागे साधं व्यवहारी कारण होतं. डीसीची सिरीज मोटर थांबलेल्या जागेवरून भरलेली गाडी ओढायला फार चांगली. सुरुवातीचा जोर तिच्यात भरपूर आणि वेग वाढेल तसा तो आपोआप कमी होतो. गाडी ओढण्यात डीसीचा हात धरणारं तेव्हा कोणी नव्हतं. तिची अडचण गाडीत नव्हती, गाडीपर्यंत येणाऱ्या तारेत होती.

तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की नुकसान चौपट. तेवढीच वीज कमी प्रवाहात न्यायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं. एसीला, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेला, त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मिळाला. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तीन इंजिनिअरांनी तो व्यवहारात उतरवला. लोखंडी गाभा, त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, हलणारा एकही भाग नाही. वीजघराजवळ व्होल्टेज चढवा, गावाजवळ उतरवा. डीसीला हे जमत नव्हतं, कारण ट्रान्सफॉर्मर सतत बदलणाऱ्या प्रवाहावरच चालतो. डीसी चढवायची तर एका मोटरने दुसरा जनरेटर फिरवायचा, त्याचे ब्रश झिजायचे, ठिणग्या उडायच्या, शेजारी माणूस उभा ठेवावा लागायचा. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी ११० व्होल्टचं डीसी वीजघर सुरू केलं खरं, पण त्याची वीज जेमतेम मैलभर पोचत होती. त्याच्या आणि एसीचा पुरस्कार करणाऱ्या वेस्टिंगहाऊसच्या भांडणाचे किस्से आपण चवीने वाचतो. माझ्या मते ते भांडण माणसांचं कमी आणि एका न सापडलेल्या उपकरणाचं जास्त होतं. डीसीचं व्होल्टेज फिरत्या यंत्राशिवाय चढवणारं काहीतरी १८९० मध्ये कोणाकडे असतं, तर आज आपल्या भिंतीतल्या तारा वेगळ्या असत्या.

दिल्लीत पुढे एसीने हळूहळू सगळं व्यापलं आणि या कामात दोन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, जो महाराष्ट्रातही फारसा आठवला जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. युद्धानंतरच्या भारताला वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, ती एकेका शहराच्या कंपनीच्या मर्जीवर राहता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झालं ते याच दिवसांत. स्वातंत्र्यानंतर वीज हा विषय काकासाहेब गाडगिळांकडे आला आणि त्यांच्या कारकिर्दीत १९४८ चा वीज पुरवठा कायदा झाला. राज्य वीज मंडळं आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांचा पाया त्या कायद्याने घातला. एक मोठी, एकमेकांना जोडलेली जाळी म्हणजे ग्रिड, ही कल्पना तिथे कायद्यात उतरली. आणि त्या काळात ग्रिड म्हणजे एसीच. दुसरा पर्यायच नव्हता.

दिल्लीत १९५१ मध्ये राज्य वीज मंडळ आलं. १९६३ मध्ये ट्राम बंद झाली. तिला गर्दीने मारलं, विजेच्या प्रकाराने नाही, हेही इथे सांगायला हवं. पण तिच्याबरोबर दिल्लीच्या रस्त्यावरची डीसी गेली. रूळ उखडले गेले, चांदणी चौकात भगीरथ पॅलेसचा विजेच्या सामानाचा घाऊक बाजार वाढत गेला आणि तिथला बल्ब, पंखा, चोक, सगळं २३० व्होल्ट एसीचं. डीसी उरली ती मोटारींच्या बॅटरीत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंजने तिला कधीच सोडलं नाही. तिथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग कायम भरलेली असायची. म्हणून तर घरातली वीज गेली तरी काळ्या फोनचा डायल टोन जात नसे.

मुंबईने मात्र डीसी फार उशिरा सोडली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली पहिली विजेची लोकल १५०० व्होल्ट डीसीवर होती. पुढे घाटही त्याच विजेवर चढले आणि दख्खनची राणीही. रेल्वेने १९५७ च्या सुमारास २५,००० व्होल्ट एसीचा निर्णय घेतला, तरी मुंबईच्या उपनगरी तारा तशाच राहिल्या. हिशेब करून पाहा. तेवढ्याच ताकदीसाठी १५०० व्होल्टला २५,००० व्होल्टच्या जवळजवळ सतरापट प्रवाह लागतो. म्हणून तारा जाड, सबस्टेशनं जवळजवळ आणि बाराऐवजी पंधरा डब्यांची गाडी म्हटली की इंजिनिअरच्या कपाळाला आठ्या. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये, मध्य रेल्वे २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये एसीवर गेली.

डीसी परत आली ती दुसऱ्याच दाराने, आणि ते दार दिल्लीच्या पूर्वेला आहे. गाझियाबादजवळ साहिबाबाद औद्योगिक वसाहतीत १९७४ मध्ये सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड, अर्थात सेल, हा सरकारी कारखाना उभा राहिला. देशातल्या प्रयोगशाळांत लागलेले शोध बाजारात उतरवायचे, हे त्याचं काम. तेलाचे भाव नुकतेच भडकलेले. १९७७ मध्ये सेलने भारताचा पहिला सोलर सेल बनवला आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनल. आज छपराछपरावर दिसणाऱ्या निळ्या-काळ्या काचेचं भारतातलं कूळ या साहिबाबादचं आहे. (हाच कारखाना २०२१ मध्ये २१० कोटींना विकायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी ती विक्री रद्द झाली.)

सोलर सेल मुळातच डीसी देतो, आणि तीही अगदी चिमूटभर. सिलिकॉनचा एक सेल भर उन्हात अर्ध्या व्होल्टच्या आसपास. त्या वेळच्या पॅनलमध्ये ३६ सेल एकापाठोपाठ जोडलेले असत. ३६ च का? कारण छत्तीस अर्धे म्हणजे अठरा. उन्हाने पॅनल तापून व्होल्टेज थोडं पडलं, तारेत थोडं गेलं, तरी १२ व्होल्टची बॅटरी भरायला पुरेसं उरतं. पॅनलचा आकार सूर्याने किंवा सिलिकॉनने ठरवला नाही, मोटारीच्या बॅटरीने ठरवला. पॅनल आणि बॅटरी यांची गाठ थेट मारता यावी, मध्ये व्होल्टेज बदलणारं काही लागू नये, यासाठीची ही तडजोड. दूरच्या रेल्वे सिग्नलला, जंगलातल्या रिपीटर स्टेशनला, खेड्यातल्या रस्त्यावरच्या दिव्याला ती पुरेशी होती. घराला, गावाला, कारखान्याला ती पुरणार नव्हती.

त्यासाठीचं सरकारी यंत्रणेचं चाक १९८२ मध्ये फिरलं. अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन झाला आणि गुडगाव–फरिदाबाद रस्त्यावर ग्वाल पहाडी इथे सोलर एनर्जी सेंटर आलं. अरवलीचा खडकाळ माळ, बाभळी आणि ऊन. पॅनल तपासायला याहून चांगली जागा दिल्लीच्या आसपास नाही. २०१३ मध्ये याच केंद्राची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था झाली आणि २०१६ च्या जानेवारीत त्याच आवारात आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या मुख्यालयाची पायाभरणी झाली.

पण डीसी दिल्लीत मोठ्या प्रमाणावर परतली ती सूर्यामुळे नाही. कोळशामुळे. उत्तर प्रदेशच्या दक्षिण टोकाला, सोनभद्रमध्ये रिहंदचं औष्णिक वीजकेंद्र. तिथून दिल्लीच्या दाराशी असलेल्या दादरीपर्यंत सुमारे ८१५ किलोमीटर. एवढ्या अंतरावर एसीची लांबलचक लाइन स्थिर ठेवणं अवघड जातं. म्हणून इथे देशातली पहिली लांब पल्ल्याची मोठी डीसी लाइन टाकली गेली. ±५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट. १९९०–९१ च्या सुमारास ती सुरू झाली. आपल्याकडे असाच ±५०० किलोव्होल्टचा मार्ग चंद्रपूरहून पडघ्याला येतो, ७५२ किलोमीटर, १९९९ पासून. विदर्भाचा कोळसा मुंबईच्या दिव्यात जळतो तो बराचसा याच तारांतून.

दादरीला झालं ते डीसीचं पुनरागमन खरं, पण अर्धंच. रिहंदला वीज आधी ट्रान्सफॉर्मरने, म्हणजे एसी असतानाच, वर चढवली जाते. मग थायरिस्टरच्या रांगा तिची डीसी करतात. दादरीला तसल्याच रांगा तिची पुन्हा एसी करतात आणि ट्रान्सफॉर्मर तिला खाली उतरवतो. थायरिस्टर हा १९५७ मधला अमेरिकन शोध, सिलिकॉनचा असा दरवाजा की जो सांगितल्यावर उघडतो. त्याने एक जुनं कोडं सोपं केलं, एसीची डीसी आणि डीसीची एसी मोठ्या ताकदीने कशी करायची हे. डीसी स्वतःच्या पायांनी कशी चढवायची, हे कोडं तसंच होतं.

इकडे दिल्लीकरांनी घरात आपापली सोय लावली होती. दिल्ली विद्युत बोर्डाच्या काळात, १९९७ ते २००२ या वर्षांत, निम्म्याहून जास्त वीज चोरीत, गळतीत आणि न वसूल झालेल्या बिलांत जात होती. मे-जूनच्या रात्री वीज जाणं ही बातमी राहिली नव्हती. या अंधारावर एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या परिसरात, एक अख्खा उद्योग उभा राहिला, तो घरगुती इन्व्हर्टरचा. ल्युमिनस आणि सुकॅम ही नावं इथूनच देशभर गेली. जिन्याखाली १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर, महिन्यातून एकदा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. बॅटरी १२ व्होल्टची आणि घर २३० व्होल्टचं, म्हणजे हे यंत्रही व्होल्टेज चढवणारंच. ते चढवायचं कसं, तर ट्रान्झिस्टर डीसीचे तुकडे करून त्यांची कच्ची एसी बनवत आणि मग जुनाच लोखंडी ट्रान्सफॉर्मर ती वर नेत असे. म्हणून इन्व्हर्टर जड असे, तापत असे आणि रात्रभर घूं घूं करत असे. पंखाही त्याच्या सुरात सूर मिळवी. ६०० वॅटचा भार म्हणजे बॅटरीतून पन्नासहून जास्त अँपिअर. म्हणून बॅटरीची केबल बोटाएवढी जाड.

आता ते न सापडलेलं उपकरण. दरम्यान ते सापडलं होतं. १९६० च्या दशकात उपग्रह आणि अंतराळयानं यांना पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये हलकं, भरवशाचं काहीतरी हवं होतं, आणि तिथे डीसीचं व्होल्टेज थेट चढवणाऱ्या विद्युत मंडळांची, म्हणजे सर्किटांची, भट्टी तापली. १९७६ मध्ये कॅल्टेकच्या मिडलब्रुक आणि चुक यांनी त्यांचं गणित मांडलं, आणि हाताच्या अंदाजाने चालणारी कला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता येऊ लागली. मराठीत याला काही नाव रुळलेलं नाही. दुकानदारही बूस्ट कन्व्हर्टरच म्हणतो.

त्यात चार वस्तू असतात. फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली एक कॉइल, एक मॉस्फेट म्हणजे वेगवान स्विच, एक डायोड आणि एक कपॅसिटर. स्विच बंद करून मंडळ पूर्ण केलं की पॅनलचा प्रवाह कॉइलमधून धावू लागतो आणि कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र साठतं. मग स्विच अचानक उघडायचा. कॉइलला प्रवाहाचं एकदम थांबणं सोसत नाही, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम तो. प्रवाह चालू ठेवण्यासाठी ती स्वतःच व्होल्टेज उभं करते, ते पॅनलच्या व्होल्टेजवर चढतं आणि डायोडमधून पुढे कपॅसिटरमध्ये जाऊन बसतं. नळ झटकन बंद केला की पाइपमध्ये जो धक्का बसतो, तोच हा धक्का, फक्त कामाला जुंपलेला. सेकंदाला पन्नास हजार वेळा असं केलं की पलीकडे स्थिर, चढलेली डीसी मिळते. किती चढेल ते स्विच किती वेळ बंद ठेवता यावर. निम्मा वेळ ठेवला तर व्होल्टेज दुप्पट. पाऊण वेळ ठेवला तर चौपट.

कागदावर याला मर्यादा नाही. प्रत्यक्षात आहे, आणि डीसी मायक्रोग्रिडची, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि भार डीसीनेच जोडणाऱ्या छोट्या जाळीची, सगळी मेख तिथे आहे. आजचं पॅनल ३५–४० व्होल्ट देतं. डीसी मायक्रोग्रिडची मुख्य तार, म्हणजे बस, ३८० ते ४०० व्होल्टची धरली जाते. सुमारे ३६ व्होल्टवरून ४०० वर जायचं तर स्विच ९१ टक्के वेळ बंद ठेवावा लागतो. उरलेल्या ९ टक्क्यांत सगळी ऊर्जा पलीकडे ढकलायची. तेवढ्या वेळात कॉइलच्या तारेतला रोध, स्विचमधला रोध, डायोडमधला ऱ्हास, सगळे आपला वाटा मागतात आणि चार-पाच पटींच्या पुढे साधा बूस्ट कन्व्हर्टर धापा टाकू लागतो. मग दोन वाटा. दहा पॅनल एकापाठोपाठ जोडून आधीच ३६० व्होल्ट करायचे, म्हणजे एका पॅनलवर पिंपळाची सावली पडली की सगळ्या रांगेचं उत्पन्न घसरतं. नाहीतर कन्व्हर्टरच हुशार करायचा. कॉइलच्या जागी दोन जोडलेल्या कॉइल, दोन-तीन कन्व्हर्टर आळीपाळीने चालवणं, किंवा डायोड-कपॅसिटरच्या पायऱ्या लावून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणं.

ही शेवटची युक्ती जुनी आहे. केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये अशाच पायऱ्यांनी लाखो व्होल्ट उभे करून अणूचं केंद्र फोडलं आणि पुढे नोबेल मिळवलं. दिल्लीत डेंग्यूच्या मोसमात ती घरोघर वापरात असते. डास मारायच्या बॅटमध्ये तीन-चार व्होल्टच्या सेलवरून हजाराच्या वर व्होल्ट याच तत्त्वाने निघतात. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये आगपेटीपेक्षा लहान बूस्ट मॉड्यूल किरकोळ पैशांत मिळतं. एडिसनच्या हातात ते असतं तर, असं उगाचच मनात येतं.

ही मंडळं किलोवॅटच्या प्रमाणात, उन्हाळ्यात न जळता, चालवायची हा मात्र खेळ नाही. त्याचा अभ्यास एनसीआरमध्ये जितका झाला तितका देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. हौज खासच्या आयआयटीत प्रा. भीम सिंह १९९० पासून पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागले. ग्रिडमधल्या विजेचा दर्जा सुधारणारे कन्व्हर्टर, सौर आणि वारा यांना जोडणारी मंडळं, मायक्रोग्रिड, अशी त्यांच्या विद्यार्थ्यांची मोठी रांग आहे आणि त्यांतले कित्येक आज देशभरच्या कॉलेजांत शिकवतात. काश्मिरी गेटच्या जुन्या दिल्ली पॉलिटेक्निकमधून वाढलेलं आजचं दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ, जामिया मिलिया, इथेही याच विषयाचे प्रबंध दरवर्षी निघतात. प्रबंधांत कन्व्हर्टर ९६–९७ टक्के कार्यक्षम असतो. गाझियाबादच्या गच्चीवर जूनमध्ये हवा ४५ अंश असते आणि पत्र्याच्या पेटीत त्याहून बरीच जास्त. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. दुरुस्तीवाला पेटी उघडतो आणि एकच वाक्य बोलतो, “कंडेन्सर फुगलाय.” दहांत सात वेळा नसेल, पण बऱ्याचदा तेच असतं.

२०१२ मध्ये एसीच्या मोठ्या जाळीने आपली दुखरी नस दाखवली. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा, आणि या वेळी पूर्व आणि ईशान्येसकट. ६० कोटींहून जास्त लोकसंख्येचा प्रदेश. दिल्लीची मेट्रो बोगद्यांत थांबली. सुरुवात झाली होती बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या एसी लाइनवर. एसी ग्रिडमधल्या प्रत्येक जनरेटरला बाकीच्यांशी ताल जुळवून फिरावं लागतं. एकाचा ताल चुकला की शेजाऱ्यांवर भार येतो आणि मग सगळेच पाय मागे घेतात. डीसीला ताल नाही, कारण तिला फ्रीक्वेन्सीच नाही. डीसी मायक्रोग्रिडमध्ये सगळं व्होल्टेजवरून कळतं. बस ४०० वरून ३९० वर आली की प्रत्येक कन्व्हर्टर समजतो, भार वाढलाय, थोडा जोर लावायला हवा. त्याला कोणाचा फोन यावा लागत नाही. बॅटरीचा कन्व्हर्टर तेवढं देतो, ढग गेला की पॅनलचा कन्व्हर्टर बस पुन्हा वर उचलतो. एका सोसायटीपुरती, इस्पितळापुरती, टेलिफोन टॉवरपुरती ही रचना साधी आणि टणक आहे.

रुळावरची डीसीही परतली. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी गुडगावची रॅपिड मेट्रो सुरू झाली, ती रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट डीसी घेते. चांदणी चौकातली ट्राम बंद पडून बरोबर ५० वर्षं झाली होती. दिल्ली मेट्रो स्वतः मात्र २००२ पासून २५,००० व्होल्ट एसीवरच आहे. तिच्या स्टेशनबाहेर उभ्या असणाऱ्या ई-रिक्षा ४८ व्होल्टच्या, चार बॅटऱ्या सीटखाली. २०१९ च्या फेब्रुवारीत रोहिणीत १० मेगावॅटची बॅटरी ग्रिडला जोडली गेली, देशात त्या आकाराची पहिली. २०२५ मध्ये किलोकरीला २० मेगावॅटची आली. पॅनल डीसी, बॅटरी डीसी, एलईडी डीसी, मोबाइल आणि लॅपटॉप डीसी, मुंबईच्या अ‍ॅटमबर्गने घराघरात नेलेला बीएलडीसी पंखाही आत डीसीच. आणि या सगळ्यांच्या मध्ये भिंतीतली तार तेवढी एसी. छपरावरची डीसी आपण कन्व्हर्टरने चढवतो, इन्व्हर्टरने एसी करतो आणि चार मीटर खाली अ‍ॅडॉप्टर लावून पुन्हा डीसी करून घेतो. प्रत्येक पायरीवर थोडी वीज उष्णता होऊन उडते.

हा वळसा टाळायचा प्रयत्न आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांनी केला. ४८ व्होल्टची डीसी थेट घरात, मध्ये इन्व्हर्टर नाही. राजस्थानात जोधपूर–जैसलमेरकडच्या ज्या वस्त्यांत ग्रिड पोचली नव्हती तिथे ती हजारो घरांत लागली. २०१७ मध्ये दिल्लीतल्या भारतीय मानक ब्यूरोने ४८ व्होल्ट डीसी वितरणासाठी मानकही काढलं. ४८ च्या मागे शहाणपण आहे. एवढ्या व्होल्टेजला हात लागला तर जीवावर बेतत नाही. ४०० व्होल्ट डीसीला तसं म्हणता येत नाही. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. घरचा साधा स्विच ४०० व्होल्ट डीसीवर उघडला तर ठिणगीची ज्योत होते आणि स्विच वितळतो. कन्व्हर्टरचं कोडं सुटलं, पण स्वस्त आणि भरवशाच्या डीसी ब्रेकरचं अजून पुरतं सुटलेलं नाही.

त्यामुळे दिल्ली शहर उद्या डीसीवर जाईल, असं जे कोणी म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. शंभर वर्षांच्या एसी तारा, मीटर, पंखे, फ्रिज कोणी उखडून फेकणार नाही, आणि फेकूही नये. डीसी मायक्रोग्रिडची जागा आहे ती नव्याने उभ्या राहणाऱ्या ठिकाणी. ग्रेटर नोएडातली डेटा सेंटरं, गाड्यांची वेगवान चार्जिंग स्टेशनं, शेतातले पंप. तिथे पॅनल, बॅटरी आणि भार तिन्ही डीसीचे असतात आणि मधली एसी नुसती पाहुणी असते.

घरासाठी माझं म्हणणं याहून साधं आहे. २०२४ च्या सूर्य घर योजनेनंतर छपरावर पॅनल बसवणाऱ्यांची संख्या दिल्लीत आणि महाराष्ट्रात भराभर वाढते आहे. जाहिरातीत पॅनल दिसतं, अनुदानाचा हिशेब पॅनलच्या किलोवॅटवर होतो, शेजारीही पॅनल कोणत्या कंपनीचं हेच विचारतात. पॅनलची कामगिरीची हमी बहुधा २५ वर्षांची असते. त्याच्यामागे भिंतीवर टांगलेल्या पेटीची, ज्यात व्होल्टेज चढवणारं मंडळ असतं, ती बहुधा ५ ते १० वर्षांची. म्हणजे पॅनल असेपर्यंत ती पेटी एक-दोनदा तरी बदलावी लागेल असं धरून चाला. कोटेशन मागताना तिचं नाव, तिची वॉरंटी आणि तुमच्या गावात तिची दुरुस्ती कोण करतो हे आधी विचारा, आणि ती पेटी सावलीत, वारा खेळेल अशा जागी लावून घ्या.